बिनवाफेची गाठोडी

९ फेब्रुवारी

बाळा,

आशीर्वाद आहेतच. ते परत घेण्याची सोय नसते, म्हणून आहेत.

फोन तू उचलत नाहीस. सूनबाई उचलते आणि "ते मीटिंगमध्ये आहेत" म्हणते. रविवारी सकाळी कसली मीटिंग, असं मी विचारलं नाही. त्यापेक्षा पत्र बरं. तू न वाचता फाडलंस तरी पोस्टमन काही मला येऊन सांगणार नाही.

त्या दिवशी मी तुझ्या घरी तशी यायला नको होतं, हे मान्य. बाहेरची माणसं बसली होती, चहा चालला होता, आणि मी दारातूनच विचारलं, "शिंपीणबाईंची मुलगी कशानं गेली?" तू हसलास. ओशाळलास की तू लहानपणापासून तसाच हसतोस. मग म्हणालास, "आई, तू रिटायर झाली आहेस. आता घरी बस."

घरीच बसले आहे. बसल्या बसल्या लिहिते आहे.

ती मुलगी कोण ते आठवत नाही म्हणालास. आमच्या खालच्या मजल्यावर दिवसभर शिवणयंत्र चालतं ना, त्या बाईंची मुलगी. तू डॉक्टरकी शिकत होतास तेव्हा तुझ्या ॲप्रनचा फाटका खिसा तिच्या आईनंच शिवून दिला होता आणि पैसे घेतले नव्हते. मुलीचं पहिलं बाळंतपण. शिंपीणबाई मला विचारायला आल्या होत्या, नाव कुठे घालू म्हणून. मी म्हटलं, "दुसरीकडे कशाला? माझ्या मुलाचं हॉस्पिटल आहे." सरकारी हॉस्पिटल, पण मी छाती फुगवून 'माझ्या मुलाचं' म्हणाले. तू तिथला अधीक्षक झाल्यापासून मी तसंच म्हणते. म्हणत होते.

सिझेरियन झालं, बाळ ठणठणीत. मग तिला ताप भरला. टाके आधी लाल झाले, मग पिकले, मग उसवले. मी रोज जात होते. वॉर्डात शिरल्या शिरल्या तो वास आला. एकीची जखम चिघळली की वास तिच्या खाटेपाशी असतो. हा दारापाशीच होता. त्या ओळीत चौघी तशाच पडून होत्या.

ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर अवजारांची गाठोडी ठेवली होती. त्यांना जी चिकटपट्टी लावतात, तिच्यावर नीट वाफ लागली की काळ्या रेघा उमटतात. रेघा उमटल्या नाहीत तर गाठोडं उघडायचं नाही. नर्सिंगच्या पहिल्या महिन्यात शिकवतात हे, आणि तुम्हालाही शिकवत असतीलच. त्या गाठोड्यांवरच्या रेघा फिक्या होत्या, पातळ चहासारख्या.

थिएटरच्या सिस्टरला बाजूला घेतलं. तुला माहीत आहे ती, माझ्या हाताखाली सगळ्यात लहान होती म्हणून आम्ही लहान सिस्टर म्हणायचो. आता तिचेही केस पिकलेत. म्हटलं, "अगं, हे काय आहे?" तिनं आधी मागे वळून पाहिलं, मग बोलली.

"बाई, कंत्राटदाराच्या गाडीतून येतात ती अशीच येतात. परत पाठवली की दिवसभराची ऑपरेशनं अडतात. साहेब म्हणतात, वापरा."

साहेब म्हणजे तू.

मला एवढंच विचारायचं होतं. ती खोटं बोलत असेल तर तसं सांग, मी तिचा कान धरीन.

छकुलीच्या पोटावरची जखम भरली का? तिला म्हणावं, आजीनं सांगितलंय, खाज आली तरी नख लावू नकोस.

आई


३ मार्च

बाळा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, पण रोज जिन्यातली पेटी उघडून बघते, सवय म्हणून.

तुझ्या हॉस्पिटलात चौकशी समिती येऊन गेल्याचं कळलं. कुणी तक्रार केली म्हणे. सूनबाईनं पहिल्यांदाच आपण होऊन फोन केला, "आई, तुमच्या कानावर काही आलंय का?" मी म्हटलं, "मी कुठे जाते येते?" ती वाईट नाही रे. दारात नवी गाडी आली तेव्हा तिनं मला विचारलं होतं, "आई, हे सगळं बरोबर आहे ना?" तुझ्याऐवजी तिनं मला का विचारलं, ते मला तेव्हा समजलं नाही.

समिती आली त्या दिवसाची हकिगत मला साग्रसंगीत ऐकायला मिळाली. आदल्या दिवशी भिंतींना रंग दिला. नुकत्याच बाळंत झालेल्या बायका रंगाच्या वासानं ओकत होत्या म्हणे. थिएटरमध्ये गाठोडी कुठल्या तरी खासगी हॉस्पिटलातून उसनी आणलेली, पट्ट्यांवरच्या रेघा काजळासारख्या. समितीनं त्यांचे फोटो काढले. कंत्राटदार स्वतः हजर, प्रत्येकाला "सर, पाणी?" विचारत. ज्याची चौकशी तोच पाणी देतोय आणि चौकशी करणारे ते पितायत.

आणि संध्याकाळी लहान सिस्टरच्या हातात निलंबनाचा कागद. "गाठोडी वापरण्यापूर्वी तपासली नाहीत, हलगर्जीपणा."

ती सरळ माझ्याकडे आली. रडली नाही. गणवेशाची घडी पिशवीत घातलेली होती, ती काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "बाई, मी साहेबांना लेखी दिलं होतं, एकदा नाही, तीनदा. आता ऑफिस म्हणतं, तुमचं काही आलेलंच नाही." तिच्या नवऱ्याचं दुकान बसलेलं, घर तिच्या पगारावर चालतं, हे तुला ठाऊक आहे. तुझ्या लग्नात ती आठवडाभर माझ्या मदतीला होती.

तुझी बाजू मला माहीत नाही असं समजू नकोस. तूच सांगितली होतीस, दोन वर्षांपूर्वी, माझ्याकडे जेवायला आला होतास तेव्हा. तळघरातलं अवजारं वाफवायचं यंत्र बंद पडलं, दुरुस्तीसाठी वर लिहिलंस, वर्षभर कुणी दाद दिली नाही. मग वरूनच हा कंत्राटदार गळ्यात मारला. नाही म्हटलं असतंस तर कुठल्या तरी आडबाजूला बदली. तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. "आई, मी काय करू?" असं तू म्हणालास आणि मी म्हटलं, "सांभाळून राहा." मला वाटलं, मी तुला रोग्यांना सांभाळ म्हणतेय. तू दुसरंच ऐकलंस.

तेव्हा तू अडकला होतास, हे मी मानते. पण अडकलेला माणूस सुटायची धडपड करतो. तू तिथेच गादी घातलीस.

सिस्टरला सोडव. एवढं कर. बाकीचं मी विचारणार नाही.

आई


२१ मार्च

बाळा,

लपवण्यात आता अर्थ नाही. तक्रार मी केली.

निनावी नाही केली. नाव, पत्ता, सही, निवृत्त मेट्रन असं सगळं लिहून. शिंपीणबाईंची मुलगी गेली त्याच आठवड्यात. समितीनं सांगितलं, नाव गुप्त राहील. किती गुप्त राहिलं ते काल दुपारी कळलं. दार उघडते तर कंत्राटदार, सोबत ड्रायव्हर, ड्रायव्हरच्या हातात फळांची टोपली.

"आईसाहेब, ओळखलंत का?"

म्हटलं, "ओळखलं. टोपली जिन्यात ठेवा, घरात जागा नाही."

तरी आत येऊन बसला. घर चांगलं आहे म्हणाला, हवेशीर आहे म्हणाला. मग मुद्द्यावर आला. "तुमचा गैरसमज झालाय. वयोमानानुसार होतं. घरातलं भांडण घरात मिटलेलं बरं. साहेबांचं प्रमोशन तोंडावर आहे."

मी विचारलं, "तुमची गाठोडी कुठे वाफवता हो? मला एकदा बघायचं आहे."

तो म्हणाला, "आईसाहेब, तुम्ही म्हणाल तेव्हा गाडी पाठवतो."

म्हटलं, "आत्ता. चप्पल घालते."

त्याला लगेच काम आठवलं. जाताना जिन्यातून मोठ्यानं म्हणाला, "म्हातारी वेडी आहे," आणि खालचं शिवणयंत्र थांबलं. शिंपीणबाई बाहेर आल्या. नातू त्यांच्या खांद्यावर होता, त्याला थोपटत त्या तशाच कंत्राटदाराच्या वाटेत उभ्या राहिल्या. जिना अरुंद आहे. त्याला बराच वेळ खाली जाता आलं नाही.

त्याला माझा पत्ता कुणी दिला, हे मी तुला विचारत नाही. मी तुझी आई आहे आणि हा पत्ता तुझ्या कितीतरी कागदांवर आहे. पण रात्रभर मनाला समजावत होते की तू दिला नसशील.

आई


१२ एप्रिल

बाळा,

तू मला वेडी ठरवलंस.

वेडी नाही, मला शब्द नीट वापरू दे. 'वयोमानानुसार स्मृतिभ्रंश, साक्ष विश्वासार्ह मानता येणार नाही.' समितीकडून मला प्रत आली. खाली सही तुझ्या त्या वर्गमित्राची, जो परीक्षेच्या दिवसांत महिना महिना आपल्याकडे राहायचा आणि रात्री माझ्याकडे चहा मागायचा. आता मोठा मनोविकारतज्ज्ञ झालाय. इतका मोठा की मला न बघताच त्यानं माझा मेंदू तपासला. त्याला माझ्या हातचा चहा आठवत असेल का रे? की त्यालाही भ्रंश झालाय?

दोन दिवस मी अंथरुणातून उठले नाही. खरं सांगते, मलाच शंका यायला लागली. गॅस बंद केला का? औषध घेतलं का? आरशात बघून स्वतःच्या मैत्रिणींची नावं म्हटली. आपलाच मुलगा, तोही डॉक्टर, लेखी म्हणतोय तर असेलही, असं वाटलं. माणूस असाच खचतो. तुझ्या तोंडून वेडी हा शब्द मला लागला नसता, रागात माणूस बोलतो. तू सर्टिफिकेट आणलंस.

तिसऱ्या दिवशी लहान सिस्टर आली, माझी अवस्था बघून म्हणाली, "बाई, उठा. वेणी घाला." आणि मला बसनं दुसऱ्या गावच्या सरकारी हॉस्पिटलात घेऊन गेली, जिथे तुला कुणी ओळखत नाही. तिथे रांगेत बसलो. समोरची डॉक्टर अगदी कोवळी पोर, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं.

"आजी, कशासाठी आलात?"

"मी शहाणी आहे की नाही ते बघून द्या."

तिनं सिस्टरकडे पाहिलं. "कुणी पाठवलं?"

"मुलानं मला स्मृतिभ्रंश झाल्याचं लिहून दिलंय."

"अच्छा." तिचा चेहरा बदलला. असं तिनं बरंच पाहिलेलं असणार. "घर कुणाच्या नावावर आहे, आजी?"

"घरासाठी नाही हो. चिकटपट्टीसाठी."

मग सगळं सांगावं लागलं. तिनं ऐकून घेतलं, पण सवलत दिली नाही, हे मला आवडलं. वार विचारला, तारीख विचारली, घड्याळ काढायला लावलं. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, खिडकी, गाजर, सायकल. शंभरातून सात-सात वजा करत उतरायला सांगितलं. मी ब्याऐंशीवर घसरले, लगेच जीभ चावली आणि "एकोणऐंशी" म्हटलं. ती म्हणाली, "मी स्वतः इथे नेहमी चुकते." सगळं झाल्यावर ती लिहायला लागली, तेव्हा मी म्हटलं, "खिडकी, गाजर, सायकल. तुम्ही विचारायला विसरलात."

ती खळखळून हसली. सिस्टर हसली. मीही हसले, आणि मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी त्या परक्या पोरीच्या टेबलावर डोकं ठेवून रडले.

तिनं लिहून दिलंय, स्मृती उत्तम. तेही समितीकडे पाठवलं आहे. तुझ्या मित्राला म्हणावं, मी त्याला विसरलेली नाही.

आई


७ मे

बाळा,

काल तू समोरच होतास, पण आपण बोललो नाही, म्हणून लिहिते.

निळा शर्ट तुला शोभतो. खूप वाळला आहेस. सुनावणीच्या खोलीत पंखा होता तरी घाम पुसत होतास. मला पाणी द्यावंसं वाटलं. उठलेही होते, पण अध्यक्ष म्हणाले, "बाई, बसून बोला."

समितीतले ते चष्मेवाले गृहस्थ मला विचारत होते, "तुमचा मुलाशी काही कौटुंबिक वाद आहे का?" मी म्हटलं, "आत्तापर्यंत नव्हता. आता असेल." ते त्यांनी लिहून घेतलं, पण हसले नाहीत.

तुझा वकील चांगला बोलला. गाठोडी खराब आली असतील तर दोष कंत्राटदाराचा. तपासली नसतील तर दोष सिस्टरचा. अधीक्षक कार्यालयात बसतात, थिएटरमधली पट्टी त्यांना कशी दिसणार? सिस्टरनं लेखी दिल्याचा पुरावा नाही. साहेबांना काहीही माहीत नव्हतं. ऐकता ऐकता माझाच विश्वास बसत चालला होता. आईचं मन असं असतं, कुणी चांगला वकील भेटला की लगेच निकाल देतं.

अध्यक्षांनी मला विचारलं, "मेट्रनबाई, अधीक्षकांना माहीत होतं, असं तुम्ही कशावरून म्हणता?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी आता काय सांगणार ते तुला त्या क्षणी कळलं, मला दिसलं ते. तू मान हलवलीस, अगदी थोडी. लहानपणी शाळेतल्या बाईंसमोर मी तुझी काही खोडी सांगायला लागले की हलवायचास तशी.

तरी मी सांगितलं.

शिंपीणबाईंच्या मुलीच्या आधी महिनाभर, डिसेंबरात, छकुलीच्या पोटात दुखायला लागलं. अपेंडिक्स. तुझ्या हॉस्पिटलात सर्जन हजर, थिएटर रिकामं, घरापासून हाकेच्या अंतरावर. आणि तू कळवळणाऱ्या पोरीला मागच्या सीटवर निजवून दुसऱ्या शहरातल्या खासगी हॉस्पिटलात नेलंस. चार तासांचा रस्ता. वाटेत अपेंडिक्स फुटलं असतं तर काय झालं असतं, हे तुला कुणी शिकवायला नको. मी तेव्हा म्हटलं, बापाचं काळीज आहे, घाबरला असेल. मग छकुली फोनवर मला म्हणाली, "आजी, आई म्हणत होती इथेच करू या, पण बाबा ओरडले, आपल्याकडे नको, आपल्याकडे नको."

अध्यक्षांनी तुला विचारलं, "डॉक्टर, हे खरं आहे?" तू म्हणालास, "ती आमची कौटुंबिक सोय होती." त्यांनी पुन्हा विचारलं, "आपल्याकडे का नको?" तू वकिलाकडे पाहिलंस. वकील कागद चाळत होता.

मी त्या पट्टीवरून तक्रार केली नव्हती, बाळा. चूक होते, डोळेझाक होते, हे मी नोकरीभर पाहिलंय. पण वॉर्डात त्या चौघींच्या खाटांमधून चालताना मला छकुलीचं ते वाक्य आठवलं आणि माझे पाय तिथेच थांबले. तुझी मुलगी 'आपल्याकडे नको', आणि शिंपीणबाईंची चालते.

बाहेर व्हरांड्यात सूनबाई उभी होती. माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली, "आई, तुम्ही लेकराच्या तोंडचं वापरलंत." तिचं बरोबर आहे. संध्याकाळपासून छकुलीचा फोन लागत नाही. ती किंमत पडणार हे माहीत होतं, तरी ती अशी लगेच वसूल होईल असं वाटलं नव्हतं.

आई


२२ ऑगस्ट

बाळा,

निकाल तुला माझ्या आधी कळला असेल. तू निलंबित, पुढची विभागीय चौकशी चालू. कंत्राट रद्द. सिस्टरला परत घेतलं, पण थिएटरमध्ये नाही, बाहेरच्या इंजेक्शनच्या खोलीत. "सध्या तिथेच बरं," असं नवे अधीक्षक म्हणाले म्हणे. तिचे आधीचे तिन्ही अर्ज कुठे गेले, यावर अहवालात एक ओळ नाही.

ज्यांनी तो कंत्राटदार तुझ्या गळ्यात मारला, त्या वरच्यांचं नाव कुठेच नाही. तो कंत्राटदारही बुडालेला नाही. शेजारच्या जिल्ह्यात बायकोच्या नावानं हॉस्पिटलच्या चादरी धुवायचं काम मिळालंय त्याला. तुझा मित्र पूर्वीइतकाच मोठा आहे. माझं कुणी अभिनंदन वगैरे करायला येतं तेव्हा मी दार लावून घेते. बुडालास तो तूच, आणि तुला मी ढकललं. ज्यांच्यासाठी तू हे केलंस ते कोरडे बाहेर आले.

तळघरातलं ते यंत्र दुरुस्त झालं, हे तुला सांगायला हवं. दारातून वाफ बाहेर जाऊ न देणारी रबरी रिंग झिजली होती. ती बदलली, साफसफाई केली, चालू झालं. तीन वर्षं त्या रिंगसाठी. हे ऐकलं त्या दिवशी मी जेवले नाही.

आता नवीन पद्धत आणली आहे. प्रत्येक गाठोड्याच्या आतही तपासणीची पट्टी असते, आणि ती बरोबर नसेल तर कुठलीही नर्स ऑपरेशन थांबवू शकते, कुणाला विचारायचं नाही. आणि दर महिन्याला किती जणींचे टाके पिकले, ते वॉर्डाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहितात, कुणीही वाचावं. शिंपीणबाई दर महिन्याला नातवाला कडेवर घेऊन जातात आणि वाचून येतात. परवा म्हणाल्या, "या खेपेला एकही नाही, मेट्रनबाई." मला वाटलं त्या रडतील. त्यांनी बाळाला खाली ठेवलं आणि यंत्रावर बसल्या. माझ्याशी त्या बोलतात, हेच खूप आहे. माझ्याच सांगण्यावरून त्यांनी मुलीला तिथे नेलं होतं. त्यांनी एकदाही ते तोंडातून काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

छकुलीचा वाढदिवस होऊन गेला. मी फ्रॉक पाठवला होता. परत आला.

आई


५ नोव्हेंबर

बाळा,

हे पत्र हॉस्पिटलातून लिहिते आहे, त्याच हॉस्पिटलातून, बायकांच्या सर्जिकल वॉर्डातून. माझा हर्निया बरीच वर्षं सांभाळला होता, आता काढून घेतला. सगळ्यांनी खासगीत जा म्हटलं. मी म्हटलं, ज्या थिएटरबद्दल एवढं बोलले तिथेच झोपून दाखवते.

काल तू आलास. दारात उभा दिसलास तेव्हा मला वाटलं, औषधाची गुंगी आहे. किती महिन्यांनी 'आई' म्हणालास. स्टूल ओढून बसलास. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं, "मुलगा का?" मी म्हटलं, "हो, डॉक्टर आहे." तोंडातून निघून गेलं.

छकुली आता पोहायला शिकते असं तू सांगितलंस. सूनबाई नोकरीला लागली म्हणालास. मग खिशातून कागद काढलास.

"आई, फक्त एवढंच लिहायचंय की छकुली काय म्हणाली ते तुला फोनवर नीट ऐकू आलं नव्हतं. विभागीय चौकशीत तेवढं पुरेल. बाकी कशालाच धक्का लागत नाही. कंत्राट गेलं, यंत्र चालू झालं, सिस्टर परत आली. आता मला बुडवून कुणाचं भलं होणार आहे?"

मी म्हटलं, "ऐकू आलं होतं रे."

"वर्षभरानं कुणाला आठवणारही नाही हे सगळं."

"खालच्या मजल्यावर आठवतं."

तू कागद उशीखाली सारलास. "घाई नाही," म्हणालास. आणि उठताना तुझं लक्ष माझ्या पोटावरच्या ड्रेसिंगकडे गेलं. एका कडेला थोडं ओलं दिसत होतं. मी कूस बदलताना पाणी सांडलं होतं, पण तुला ते कुठे माहीत? "थांब," म्हणालास. वॉर्डातली सिस्टर दुसऱ्या टोकाला होती, तिला हाक मारली नाहीस.

तू खोलीच्या कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेलास. घड्याळ काढून खिशात टाकलंस. बाह्या कोपराच्या वर सरकवल्यास. साबण घेतलास आणि हात धुवायला लागलास, आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, एकेक अंगठा, नखांच्या मागे, मनगटं, कोपरापर्यंत. घाई केली नाहीस. नळ कोपरानं बंद केलास. हात वर धरून पाणी निथळू दिलंस आणि कशालाही न शिवता माझ्यापाशी आलास. ते बघून सिस्टरनं आपण होऊन नवीन ड्रेसिंग आणलं, तर आधी तिच्या गाठोड्याची पट्टी बघितलीस आणि मगच उघडू दिलंस. चिकटपट्टी काढताना दुसऱ्या हातानं कातडी दाबून धरलीस, म्हणजे ओढ बसू नये.

"टाके कोरडे आहेत," म्हणालास.

मी रडत होते. तुला वाटलं, दुखलं म्हणून. जाताना सिस्टरला सांगून गेलास, "आईला दुखतंय, गोळी द्या." मला दुखत नव्हतं. तुझा हात इतका हलका लागला की शेजारची बाई नंतर म्हणाली, "नशीबवान आहात, मुलगा असा आहे."

कागद सही न करता याच पाकिटातून परत पाठवते आहे.

तुला सगळं माहीत आहे, बाळा. साक्षीत मी एवढंच सांगितलं होतं.

आई